व्हेसलभर खरवस

“बाबा, तुमी तिकडं खुर्चीत बसा बरं. सायबांनी सांगितलंय, हात लावायचा नाय म्हणून.”

“हात कुठं लावतोय? नुसता कान लावलाय.”

आबाजी खरोखरच व्हेसलच्या पोटाला कान लावून उभे होते. स्टीलचं तीन टनी भांडं, शिडी चढल्याशिवाय तोंड दिसू नये एवढं उंच, आत पंखा फिरतोय, आणि हा माणूस अडलेल्या बाईजवळ सुईण बसावी तसा डोळे मिटून ऐकतोय. सकाळपासून आतून ताक घुसळल्यासारखा आवाज येत होता. आता मधूनच कुणी कण्हावं तसं काहीतरी त्यात मिसळायला लागलं होतं.

“जड चाललाय,” आबाजी म्हणाले.

“मोटरचा काटा बघतोय मी. जरा वर गेलाय. आताच सेंट टाकला ना, बसंल खाली.”

“सगळा टाकलास?”

“सगळा. धार धरून, हळूहळू. तुमी सांगितलं तसाच.”

अक्षयनं सगळं सांगितलं तसंच केलं होतं. पाणी जेवढं तापवायचं तेवढंच तापवलं, मेणासारखा पिवळा माल वितळवून जेवढ्या वेळात सोडायचा तेवढ्याच वेळात सोडला, गार करायची घाई केली नाही. आबाजींना पोराच्या कामात खोट काढायला जागाच सापडेना. पण खोट कुठं आहे ते त्यांना ठाऊक होतं. ती त्यांनी स्वतःच, अक्षयची पाठ वळलेली असताना, झाकणातून आत सोडली होती.

खालापूरहून पाताळगंगेच्या अंगाला गेलं की लागणाऱ्या ह्या कारखान्यात कपडे मऊ करायचं पांढरं दूध बनायचं. कपडे धुऊन झाले की शेवटच्या पाण्यात ह्याचं एक टोपण टाकायचं. कपडे मऊ होतात आणि दोरीवरूनच वास मारायला लागतात. बाटलीवर नाव मुंबईच्या कंपनीचं, इथं फक्त बनवून भरायचं. वास दर आठवड्याला निराळा. आसपासच्या वाड्यांत म्हणे कॅलेंडर कुणी बघतच नसे. वाऱ्यावर गुलाब आला की बाजाराचा दिवस, मोगरा आला की पगाराचा. गेटवरच्या कमळ्याच्या म्हशीनं एकदा भांडी विसळलेलं पाणी प्यायलं, तर तिचं कातडं असं मऊ पडलं की अंगावर बसलेली माशी घसरून खाली यायची. एका माशीचा पाय मोडल्याचं कमळ्या अजून शपथेवर सांगतो. आणि आबाजींचे हात? उभा जन्म त्या दुधात गेलेला. देवळात आरतीला ते टाळ्या वाजवत, पण आवाज येत नसे. दोन उशा एकमेकींवर आपटाव्यात तसं व्हायचं. शेवटी पुजाऱ्यानं त्यांच्या हातात झांजा दिल्या.

ह्या व्हेसलवर आबाजींना शिकवणारा खोपोलीचा एक वस्ताद होता. बॅच लावायच्या आधी तो व्हेसलसमोर कापूर जाळायचा. एवढं मोठं पोट, ह्याला आधी काहीतरी द्यावं लागतं, असं त्याचं म्हणणं. वस्ताद गेला आणि कापूर आबाजींकडे आला. पुढं कंपनीत सेफ्टीचे साहेब आले, आणि प्लांटमध्ये काडी ओढायला बंदी झाली. आबाजींनी साहेबांचं सगळं भाषण खाली मान घालून ऐकलं. जाळायचा नाही? बरं. नाही जाळत. त्या दिवसापासून ते कापराची वडी न पेटवताच झाकणातून आत सोडायला लागले. जाळलेला कापूर वासापुरता मिळतो. इथं अख्खी वडी पोटात जात होती. म्हणजे बंदीनं व्हेसलचा फायदाच झाला होता. त्यानंतर आबाजींच्या हातची एकही बॅच बिघडली नव्हती. कंपनीत त्याला आबाजींचा हातगुण म्हणत, आणि आबाजीही ते नाकारत नसत.

आज तर बॅच पोराची. आज त्यांनी एकीच्या जागी दोन वड्या सोडल्या होत्या.

उद्या आबाजी रिटायर होणार होते. मालकांनी शब्द दिला होता, की तुमच्या जागेवर तुमचा मुलगा घेऊ, पण त्यानं एक बॅच एकट्यानं काढून दाखवायची; पास झाली तर कायम. अक्षय माथेरानच्या एका हॉटेलात कामाला होता. मोटार वर येत नाही, म्हणून दस्तुरी नाक्यापासून पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन जायच्या, खोल्या झाडायच्या, रात्री तिथंच जिन्याखाली निजायचं. पाहुणे कमी असले तर आठवड्यात एकदा केळवलीला घरी. त्याची सानवी तीन वर्षांची झाली होती आणि बापाला ‘माथेरान’ म्हणत होती. कुणी तिला शिकवलं नव्हतं. “माथेरानवरनं आज येनार,” असं घरातली माणसं बोलत, त्यावरून तिनं आपलं आपणच ठरवलं होतं. अक्षय हसायचा. अंबाबाई, त्याची आई, हसायची नाही. “पोरगं घरी निजू दे, एवढंच माग मालकाकडं,” असं तिनं आबाजींना सांगितलं होतं. आबाजींनी तेवढंच मागितलं होतं.

पंखा एकदा जोरात कण्हला आणि थांबला.

मग जी शांतता झाली ती आबाजींनी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती. अक्षयनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मोटर गुरगुरली, गरम झाल्याचा वास आला. “नको, नको, जळंल,” आबाजी म्हणाले, आणि शिडी चढून दोघांनी झाकण उघडलं.

आत दूध नव्हतं, खरवस होता. पांढराशुभ्र, चकचकीत, कडेला भांड्यापासून जरासा सुटलेला, अगदी वड्या पाडाव्यात असा. प्लांटचे साहेब निलेश धावत आले, वाकून बघताना त्यांच्या खिशातलं पेन आत पडलं, आणि ते बुडालं नाही. नुसतं आडवं पडून राहिलं, गादीवर पडावं तसं. निलेशसाहेबांनी पेनाकडे पाहिलं, पेन निलेशसाहेबांकडे बघत असावं असं वाटत होतं.

“मीठ मारा,” ते म्हणाले. “मिठानं पातळ होतं ना नेहमी?”

मिठाचं पाणी ओतलं. ते वर तळं करून बसलं. खाली उतरायचं नावच नाही. अक्षयनं लांब वल्ह्यानं ढवळायचा प्रयत्न केला, तर वल्हं उभंच राहिलं, आणि ते उपटायला दोघं लागले.

“कुणाला बोलावू?” निलेशसाहेब स्वतःशीच म्हणाले. “मॅडमना बोलवा.”

मॅडम म्हणजे लॅबच्या पद्मजाबाई. कर्जतच्या जुन्या घरातल्या, स्कूटरवरून येणाऱ्या. त्यांचे वडील अप्पा कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि ती सवय बाईंनाही होती. समोर कुणी का असेना, समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी वाडगाभर खरवस लॅबमध्ये नेला, कसलं कसलं मोजलं, आणि बाहेर येऊन कठड्यावर बसल्या. आबाजी आणि अक्षय समोर उभे.

“हा नवीन सेंट,” त्या म्हणाल्या. “मी मुंबईवाल्यांना सांगितलं होतं, आधी थोड्या मालावर करून बघू द्या. तर थेट पिंपच आलं.”

“पर सेंटानं दही कसं होईल, मॅडम?” अक्षयनं विचारलं. “सेंट तर रोजच टाकतात ना?”

“सांगते. आपलं हे दूध म्हणजे खरं तर बारीक बारीक पिशव्या आहेत. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या. तो पिवळा माल गरम पाण्यात पडला की त्याचे कण एकमेकांना चिकटून उभे राहतात, आणि त्यांची गोल भिंत होते. भिंतीच्या आत पाणी, बाहेर पाणी. बाहेरचं पाणी मोकळं असतं म्हणून पिशव्या एकमेकींवरून घसरतात आणि दूध वाहतं. कळलं?”

“कळलं,” आबाजी म्हणाले. त्यांना काही कळत नव्हतं, पण त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

“आता सेंट असतो तेलकट. त्याला पाण्यात करमत नाही. तो जातो आणि थेट त्या भिंतीत विरघळून बसतो. शिळफाट्याला जीप भरते ना, तसं. भरल्या जीपमध्ये एखादा काटकुळा माणूस कडेला टेकला, तर कुणाला पत्ता लागत नाही. पण ऐसपैस मांडी घालणारा कुणी मधेच घुसला, की सगळ्यांना सरकावं लागतं, आणि जीपची दारं फुगतात. ह्या सेंटमधले कण तसे ऐसपैस आहेत. भिंती फुगल्या, पिशव्या आणखी पाणी प्यायल्या, एकीला एक टेकली. मोकळं पाणी राहिलंच नाही. पंखा फिरेल कशात?”

“मग त्या पावण्याला खाली उतरवा की,” आबाजी म्हणाले.

“एकदा विरघळला की तो पाहुणा राहत नाही, आबाजी. तो भिंतच होतो. उतरवायचं कुणाला?”

आबाजींनी खिशातली डबी चाचपली. मग त्यांनी अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, “कापूर पन तेलकट असतो का वो, मॅडम?”

“असतो ना. कापूरही भिंतीतच जाऊन बसेल. का?”

अक्षयनं बापाकडे पाहिलं. आबाजींनी सांगितलं. वस्तादापासून आजच्या दोन वड्यांपर्यंत सगळं. सांगताना ते अक्षयकडे नाही, पद्मजाबाईंच्या चपलांकडे बघत होते. “पोराचा काय दोष नाय,” शेवटी ते म्हणाले. “माझ्या नावावर टाका. मालकांना मी सांगतो. उद्या जायचंच हाय मला, मला काय करनार ते?”

पद्मजाबाई हसल्या. त्यांना हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

“तीन टनात दोन वड्या कापूर? आबाजी, समुद्रात शिंकलात तुम्ही.”

“म्हंजी?”

“म्हणजे त्यानं काही होत नाही. काहीच नाही.”

“वाईट नाय होत?”

“नाही.”

“आनि इतकी वर्सं चांगलं झालं ते?”

“तेही नाही,” त्या म्हणाल्या. “चांगल्या बॅचा तुमच्या हातानं निघाल्या. कापरानं नाही.”

दुसरा कुणी असता तर ह्या बोलण्यानं सुखावला असता. आबाजींना मात्र कुणीतरी बसायचा पाटच काढून घेतल्यासारखं झालं. गुन्हा आपला असता तर कबूल करता आला असता, साहेबांचे पाय धरता आले असते, पोर सुटलं असतं. आता गुन्हाच नव्हता. बॅच मात्र बिघडलेली ती बिघडलेलीच.

त्यांचा चेहरा बघून की काय, पद्मजाबाई उठल्या. “बघू या तरी,” म्हणाल्या. “कुठाय तुमचा कापूर?”

डबी निघाली. लॅबमध्ये काचेच्या भांड्यात खरवस घेतला, आणि पद्मजाबाईंनी कापूर कुटून टाकला. आबाजींनी व्हेसलला दाखवला होता तसा नैवेद्यापुरता नाही, भरभक्कम. कोमट करून काचेच्या कांडीनं ढवळत राहिल्या. अक्षय दारात. आबाजी आत, पण भिंतीला पाठ लावून, कशाला धक्का लागू नये म्हणून.

आणि खरवस हलला. आधी कडेनं, मग मध्ये. कांडीभोवती भोवरा पडला. पद्मजाबाईंनी भांडं तिरकं केलं, आणि दूध त्या बाजूला वाहत गेलं, नेहमीसारखं, दाट आणि गुळगुळीत.

“हा वेगळा पाहुणा,” पद्मजाबाई पुटपुटल्या. “ह्यानं भिंत सैल केली.” मग त्या अक्षयकडे वळल्या. “लगेच काही धरून चालू नका. उद्या सकाळपर्यंत असंच राहिलं पाहिजे. आणि मुंबईला विचारावं लागेल.”

पण धरून चालू नका म्हटलं की माणूस नेमकं धरून चालतो. मोटरसायकलवरून केळवलीला येईपर्यंत आबाजींनी मनातल्या मनात तीन टनाला किती कापूर लागेल याचा हिशेब केला होता. खालापूर, चौक, खोपोली, कर्जत, एवढ्या देवळांतला कापूर मागून आणला तरी चालेल, देव आठवडाभर अंधारात बसतील, त्यांना सवय आहे. मागं बसून ते हे ओरडून सांगत होते, आणि पुढं अक्षय हसत होता. आज सकाळपासून पहिल्यांदा.

अंगणात अंबाबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. “झाली का रं बॅच?”

“जराशी अडकली. उद्या सुटंल.”

“अडकली म्हंजी?”

आबाजींनी सांगितलं. पिशव्या, भिंती, जीप, कापूर. अंबाबाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि त्यातलं तिला पाहिजे तेवढंच उचललं. “म्हंजी अजून पास नाय.”

“होईल गं.”

“आतली खोली मी झाडून घेतलीय. सोनालीनं भिंतीला चुना लावला. सतरंज्या उन्हात टाकल्यात,” ती म्हणाली. आबाजींना नाही, सुपातल्या तांदळांना सांगितल्यासारखं.

सोनालीनं आतून चहा आणला. ती सासऱ्यांशी जास्त बोलत नसे, आजही बोलली नाही. नवऱ्याला कप देताना मात्र बशी जरा जास्त वेळ धरून राहिली. सानवी अक्षयच्या शर्टाचा वास घेत होती. नवा सेंट त्याच्या अंगाला पुरता लागला होता. “माथेरानला छान वास येतो,” ती आज्याला म्हणाली.

“माथेरान नाय गं ते. बाबा हाय,” आबाजी म्हणाले. “आता हितंच राहनार हाय.”

“का?” सानवीनं विचारलं.

आबाजींनी बशीत चहा ओतून तिच्यापुढं धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचं दार उघडायच्या आधीच दोघं बाहेर उभे होते. पद्मजाबाईंनी कुलूप काढलं, आणि तिघंही एकदमच त्या काचेच्या भांड्यापाशी गेले.

खाली पाणी होतं, नितळ, विहिरीचं असावं असं. वर पिवळट साय, फाटलेल्या दुधासारखी, तुकड्या-तुकड्यांची.

पद्मजाबाईंनी भांडं हलवलं. तुकडे हलले, एकमेकांना टेकले, आणि पुन्हा आपापले वेगळे झाले.

“सैल झाली भिंत,” त्या म्हणाल्या. “फारच सैल झाली. पिशव्याच फुटल्या.”

“थोडा कमी कापूर घातला तर?” अक्षयनं विचारलं.

“थोडा कमी घालून बघेन. वेगळं काहीतरी घालूनही बघेन. त्याला दिवस लागतील, अक्षय. आणि मुंबईनं हो म्हटलं पाहिजे.”

मुंबईला फोन लागला तेव्हा निलेशसाहेबांच्या केबिनमध्ये चौघं होते. फोन टेबलावर मधोमध ठेवलेला. पलीकडे बाटलीवरच्या कंपनीचे अजेयसाहेब. आबाजींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून ते गार खोलीत बसलेले वाटत होते. पद्मजाबाईंनी सगळं नीट सांगितलं. सेंट भिंतीत जातो तिथंपासून. जीप तेवढी गाळली.

“मॅडम, सेंट फायनल आहे,” अजेयसाहेब म्हणाले. “जाहिरात झाली. तो बदलणार नाही.”

“मग माल बदलावा लागेल. वेगळं काहीतरी बरोबर घालावं लागेल. कापरासारखं काही…”

“कापूर?” पलीकडून हसू आलं. “आपण कंडिशनर विकतो की आरती करतो? आमच्या लॅबमध्ये एक लिटर बनवलं, एकदम व्यवस्थित झालं. म्हणजे तुमच्याकडं हाताळणीत काहीतरी झालंय.”

“एक लिटर लवकर गार होतं. तीन टन होत नाही, सेंटाला भिंतीत मुरायला वेळ मिळतो. मी दोनदा लिहून पाठवलं होतं तुम्हाला.”

“ऑपरेटर कोण होता?”

निलेशसाहेबांनी अक्षयकडं पाहिलं, मग आबाजींकडं, मग फोनकडं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या घरी दोन पोरं होती आणि वरून दर आठवड्याला फोन येत होते.

“नवीन आहे, सर,” ते म्हणाले.

“मग झालं की,” अजेयसाहेब म्हणाले.

पद्मजाबाई पुढं वाकून भरभर बोलायला लागल्या, की ऑपरेटरनं एकही चूक केलेली नाही, आपण स्वतः तापमान बघितलंय. पण पलीकडं दुसराच कुणी अजेयसाहेबांशी बोलत होता, आणि मग फोन बंद झाला. त्या बंद फोनशी आणखी एक वाक्य बोलल्या, आणि थांबल्या. “मी पुन्हा लिहीन,” त्या आबाजींना म्हणाल्या. “मालकांना पण लिहीन.”

“लिवा, मॅडम,” आबाजी म्हणाले. त्यांना बाईंची कीव आली. एवढं सगळं कळणारी बाई, आणि तीही आपल्यासारखीच भिंतीला पाठ लावून उभी.

निलेशसाहेबांनी घसा साफ केला. व्हेसल आजच रिकामं करावं लागेल, म्हणाले, उद्या दुसरी ऑर्डर आहे. कंत्राटदाराची माणसं बोलावतो.

“मी काढतो,” अक्षय म्हणाला.

“अरे, तुला काही…”

“माझी बॅच हाय ना, सायेब. मी काढतो.”

खालची झडप उघडली तर एक थेंब बाहेर येईना. मग वरून फावड्यानं, बादल्यांनी. वरचं काढून झालं, तरी तळाचं राहिलं. त्यासाठी एकानं आत उतरायचं. नियम असा, की आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि बाहेर झाकणापाशी एक माणूस तो दोर धरून. आतला वर येईस्तोवर बाहेरच्यानं दोर सोडायचा नाही, कुणी हाक मारली तरी नाही, जेवणाची घंटा झाली तरी नाही.

आबाजींनी गाठ स्वतः बांधली. दोनदा ओढून पाहिली. अक्षय आत उतरला, आणि वरून बघताना त्याचं डोकं तेवढं दिसत राहिलं, पांढऱ्या गोल विहिरीत.

बराच वेळ फक्त फावड्याचा आवाज येत होता. बादली भरली की आबाजी एका हातानं वर ओढत, दुसऱ्या हाताला दोर गुंडाळलेला.

“आत लई मऊ हाय, बाबा,” खालून आवाज आला. व्हेसलमध्ये तो घुमत होता, चार माणसं एकदम बोलल्यासारखा. “गादी घालायला नको.”

“मग निजतोस का?”

“निजलो असतो. पायाखाली ठरत नाय नुसतं.”

आबाजी हसले. पुन्हा फावडं. आणखी एक बादली. मग फावडं थांबलं.

“हाटेलात फोन केला मगाशी,” खालून आवाज आला. “सकाळी ये म्हणतात. पावणे वाढलेत.”

आबाजींनी दोर हाताभोवती आणखी एक वेढा गुंडाळला.

“बरं,” ते म्हणाले.

“घरी आईला तुमी सांगा. माझ्यानं नाय व्हायचं.”

“सांगतो.”

“आनि बाबा, त्या कापराचं काय मनात ठिवू नका. मॅडम म्हणाल्या ना, त्यानं काय झालं नाय.”

“नाय ठेवत.”

फावडं पुन्हा सुरू झालं. दोर मधूनच ताणायचा, मधूनच सैल व्हायचा. जेवणाची घंटा झाली. शिडीखालून कुणीतरी, “आबाजी, चला हो, आज तुमच्याकडून शिरा हाय,” असं ओरडलं. आबाजी जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी कँटीनमध्ये चार खुर्च्या मांडून निरोप झाला. निलेशसाहेब चांगलं बोलले. आबाजींच्या हातची बॅच कधी बिघडली नाही, असं म्हणाले, आणि पुढचं वाक्य विसरल्यासारखे थांबले. पद्मजाबाईंनी शाल घातली. आबाजींना बोला म्हणाले, तर ते उठून उभे राहिले, सगळ्यांकडं एकदा बघून हात जोडले आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. अक्षय मागं दाराशी उभा होता, केसांत अजून पांढरं होतं.

गेटवर दिवसपाळी सुटायची गर्दी ओसरली होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची, असा कंपनीचा नियम. कमळ्या दारात उभा होता, गावचाच, आबाजींना लहानपणापासून ओळखणारा.

“जावा, आबाजी,” तो म्हणाला, दुसरीकडं बघत. “आज कशाला.”

“बघ रं. रोज बघतोस ना.”

आबाजींनी खांद्यावरची शाल काढून अक्षयकडं दिली, नारळ त्याच्या हातात दिला, आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. कमळ्यानं त्यांच्या बगलेतून, कमरेवरून, पायांवरून हात फिरवला. रोजच्यापेक्षा जरा हळूच. मग मान हलवली.

मग अक्षय पुढं झाला. त्यानं शाल बापाच्या खांद्यावर नीट घातली, नारळ बापाला परत दिला, आणि आपले हात वर केले.

आबाजी नारळ छातीशी धरून गेटच्या बाजूला थांबले, पोराची झडती होईपर्यंत.